कुठं लिवलंय, दावा

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसच्या बरोबर खाली दातांचा दवाखाना होता. जिना एकच, त्यामुळे चुकामूक ठरलेली. दाढ दुखणारा माणूस माझ्यासमोर येऊन गाल धरून बसायचा आणि रिटर्न भरायला आलेला खाली जाऊन नंबर लावायचा. चेहऱ्यावरून ओळखण्याची सोय नव्हती, कारण दोघांचे चेहरे सारखेच असत. डॉक्टर म्हणायचे, "मॅडम, माझ्याकडे निदान भूल तरी देतात."

गेल्या वर्षी मी ते ऑफिस बंद केलं. मी वकील नाही, सीएही नाही. साधी आयकर सल्लागार. लोकांनी वर्षभरात काय कमावलं ते ऐकून घ्यायचं, त्यातलं खरं किती ते ओळखायचं, कायद्यात बसेल तेवढी सूट मिळवून द्यायची आणि रिटर्न भरून मोकळं व्हायचं, एवढाच माझा धंदा. ऐकायला सोपं वाटतं. पण माणूस डॉक्टरसमोर कपडे काढतो, भटजीसमोर पाप सांगतो, आणि माझ्यासमोर आला की त्याला अचानक काहीच आठवत नाही.

एकीने ब्युटी पार्लरचं उत्पन्न शेतीत दाखवायला सांगितलं होतं. का, तर हळद आणि मुलतानी माती लागते. एक क्लासवाले सर दरवर्षी म्हणत, विद्या हे दान आहे, दानावर कर कसा? मी विचारलं, "सर, मग फी कशाला घेता?" तर म्हणाले, "तेवढं सोडून बोला." आणि म्हशी! शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण दुधाचं उत्पन्न कायद्याच्या दृष्टीने शेतीचं नव्हे, हे मी तीस वर्षं सांगतेय आणि एकालाही पटलेलं नाही. "आक्का, म्हस काय हाफिसात बांदतोय व्हय? शेतातच बांदतोय की." यावर मी तरी काय बोलणार?

पण हे सगळे कर कमी कसा होईल ते विचारणारे. कर द्यायचाच कशाला, असं विचारणारा माणूस मला एकच भेटला. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून हा लेख.

मल्लूअण्णा मूळचे नेसरीजवळच्या एका वाडीतले. शहरात येऊन त्यांनी दुधाचे कॅन, दूध काढायची यंत्रं, कडबाकुट्टी असलं विकायचं दुकान टाकलं आणि नेकीने चालवलं. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, म्हणून मला आक्का म्हणायचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि सोमवारी दुकान बंद. सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी बैलालासुद्धा जुंपत नाहीत, मग मी का जुंपून घेऊ, हा त्यांचा हिशेब. त्यामुळे ते माझ्याकडे सोमवारीच येत.

एका सोमवारी सगळं तयार होतं, रिटर्न फक्त पाठवायचं बाकी होतं, आणि त्यांनी विचारलं, "आक्का, एक सांगा. ह्यो कर मी भरायलाच पायजे, असं कुठं लिवलंय?"

मी हसले. हसले म्हणजे चांगलं खदखदून हसले. म्हटलं, "मल्लूअण्णा, चहा घ्या, निवतोय." त्यांनी चहा घेतला, कागदावर सही केली आणि गेले. पुढच्या वर्षी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मग एक दिवस त्यांची मुलगी आली. अक्षता. फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घ्यायला तिला बंगळुरूला प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जासाठी बँकेला वडिलांची तीन वर्षांची रिटर्न्स हवी होती आणि शेवटची दोन भरलेलीच नव्हती. बँकेने महिनाअखेरची मुदत दिली होती. ती गेली की कर्ज गेलं आणि कर्ज गेलं की प्रवेश.

"मॅडम, पप्पा कुणाचंच ऐकत नाहीत," ती म्हणाली. "पैसे बाजूला काढून ठेवलेत, दोन्ही वर्षांचे. चोरायचे नाहीत म्हणतात. पण आधी उत्तर पाहिजे म्हणतात."

"कसलं उत्तर?"

"तुम्हाला विचारलेलं म्हणे. तुम्ही हसलात."

ते वाक्य मला लागलं. अजून लागतं.

झालं होतं असं. मी हसल्यावर मल्लूअण्णांनी तोच प्रश्न आणखी दोघा-तिघा जाणकारांना विचारला. तेही हसले. शेवटी एका हॉलमध्ये कुणी बाहेरगावचा सुटाबुटातला गृहस्थ व्याख्यान देतोय असं कळलं, म्हणून ते तिकडे गेले. आयकर ऐच्छिक आहे, तुम्ही सरकारशी करार केलेला नाही, करार नाही तर देणं नाही, असं तो गृहस्थ सांगत होता. सरकारला धाडायच्या पत्राचा नमुनाही विकत होता. त्याच्या वर्गाची फी मात्र ऐच्छिक नव्हती. मी त्याच्यावर पुष्कळ चिडले, पण एक गोष्ट कबूल करायला हवी. मल्लूअण्णांचा प्रश्न न हसता ऐकून घेणारा आख्ख्या कोल्हापुरात तो एकटाच निघाला. खोटं का होईना, त्याने उत्तर दिलं होतं. आमच्याकडे खरं उत्तर होतं आणि आम्ही चहा पाजला.

मी अक्षताला म्हटलं, "पप्पांना सांग, सोमवारी या. या वेळी हसणार नाही."

कायद्याचं जाडजूड पुस्तक माझ्याकडे होतं. कॉम्प्युटरचा पडदा डोळ्यांसमोर यावा म्हणून कितीतरी वर्षांपूर्वी मी ते त्याच्याखाली सारलं होतं. लागतील तेवढी कलमं तोंडपाठ होती, उघडायची वेळ येत नसे. रविवारी जाऊन ते काढलं. पडदा चार बोटं खाली बसला. पहिली पानं मी धंद्यात आल्यापासून एकदाही नीट वाचलेली नव्हती, हे लिहायला लाज वाटते. पोहायला शिकवणाऱ्या माणसाने पाणी कुठून येतं ते कधी बघितलेलं नसावं, तसं माझं झालं होतं.

पहिल्या सोमवारी मल्लूअण्णा वही घेऊन आले. शाळेची असते तसली रेघांची वही. मी इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची आणि ते लिहून घ्यायचे. प्रत्येक व्यक्तीच्या उत्पन्नावर कर बसेल, असं एका कलमात आहे. ठरलेल्या मर्यादेच्या वर उत्पन्न असेल त्याने रिटर्न भरलंच पाहिजे, असं दुसऱ्यात. आणि हिशेब करून निघालेला कर त्याने स्वतःच भरायचा, असं तिसऱ्यात. व्याख्यानातली एकेक गोष्ट ते पुढे करायचे, मी पान काढून दाखवायची. भांडण होत होतं, पण चहा निवू न देता.

दुसऱ्या सोमवारी त्यांनी वही मिटली. "लिवलंय. मान्य."

मी मनातल्या मनात नारळ फोडला. दोन्ही वर्षांची रिटर्न्स मी तयारच ठेवली होती. उशिराची म्हणून वर थोडं जास्तीचं भरावं लागणार होतं, तेही त्यांनी मुकाट्याने भरलं. आता राहिले होते फक्त सहा आकडे. रिटर्न पाठवलं की ते आपलंच आहे याची खूण म्हणून मोबाइलवर ओटीपी येतो. तो टाकेपर्यंत रिटर्न भरलं असं सरकार धरत नाही. मी बटण दाबलं. त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी मेसेज बघितला आणि मोबाइल पालथा टेबलावर ठेवला.

"ओटीपी कुनाला देऊ नका म्हनून सांगत्यात."

"मल्लूअण्णा, चेष्टा पुरे."

"चेष्टा न्हाय आक्का. लिवलंय ते पटलं. पर लिवनाऱ्यानं लिवलं म्हनून द्यायचं व्हय? मला अजून कायतरी अडतंय. काय ते मला सांगाय येईना."

खाली डॉक्टरांचं यंत्र सुरू होतं. इतका राग आला की खाली जाऊन म्हणावं, हा पेशंट घ्या, याचं तोंड उघडा. पण पोरीचं वर्ष डोळ्यांसमोर होतं. मी त्यांना पुढच्या सोमवारी या म्हटलं. ओटीपीची मुदत संपली.

तिसऱ्या सोमवारी मला वाटलं, गावाकडचं उदाहरण द्यावं. आपल्याकडे जत्रेच्या वर्गणीची उंबऱ्यामागे पट्टी असते, घर म्हटलं की पट्टी आली. म्हणून मी अगदी गमतीने म्हटलं, "मल्लूअण्णा, तुमच्या वाडीत कुणी पट्टीला नाही म्हटलं, कुठं लिहिलंय असं विचारलं, तर तुम्ही काय करत होता?"

त्यांचा चेहरा उतरला. हातातला कप त्यांनी खाली ठेवला, वही उचलली आणि जिना उतरून गेले. अक्षताचा फोन आला, पप्पा जेवले नाहीत म्हणून. महिना संपायला आठवडा उरला होता. माणूस जवळ आणत आणत मी पुन्हा घालवला, असं मला वाटलं.

गुरुवारी ते आले. दुकान उघडं असण्याच्या वारी, भर बाजाराच्या वेळेला. खुर्चीत बसले ते टेबलाकडे बघतच बोलू लागले.

"इचारलं हुतं आक्का. एकीनं इचारलं हुतं."

बावीस वर्षांचे असताना ते वाडीतल्या तरण्या पोरांत पुढे असत. जत्रेची पट्टी गोळा करायचं काम त्यांच्याकडे आलं. जो देणार नाही त्याच्या घरातली पाण्याची घागर उचलून देवळाच्या सोप्यात आणून ठेवायची, पट्टी दिली की परत, अशी रीत होती. घागर गेली की बाई पाण्याला जाणार कशी, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पट्टी हजर. लोक हसत द्यायचे, हसत न्यायचे. पण त्या वर्षी गंगव्वाचा नवरा वारला होता. पदरात दोन पोरं. तिने दारातच सांगितलं, यंदा न्हाय जमायचं.

"मला वाटलं, एकीला सोडलं तर समदी सोडा म्हंतील. मी आत गेलो आनि घागर उचलली. तिच्या म्हायेरची पितळेची. ती म्हनाली, कुठं लिवलंय रं? दाव मला. वाचाय येत न्हाय, पर दाव. मी म्हनलं, लिवायला कशाला पायजे, समद्यास्नी ठावं हाय. तिची घागर मी घेऊन गेलतो आक्का. त्या उन्हाळ्यात तिनं तेलाच्या डब्यानं पानी भरलं. रोज आमच्या दारावरनं जायची. पट्टी काय दिली न्हाय, घागर काय मागितली न्हाय. मग पोरास्नी घेऊन गाव सोडून गेली."

"आणि घागर?"

"माज्या आईनं घरात आनून ठेवली. देऊ म्हनली. अजून माळ्यावर हाय." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सरकारचा कागद आला की मला ती दिसती. तिनं इचारलं त्याचं उत्तर माज्याजवळ न्हवतं. तुमच्याजवळ तरी हाय का, ते बगायचं हुतं."

मला रडू आलं, ते लपवायला मी पुस्तकं चाळू लागले. आणि खरं सांगते, त्या क्षणापर्यंत उत्तर माझ्याजवळही नव्हतं. पण त्या महिन्यात त्यांच्या पायी मी जे काही वाचलं होतं त्यात राज्यघटनाही होती. तिच्यात कराबद्दल एक एवढंसं कलम आहे. ते मी काढलं आणि माझ्या शब्दांत सांगितलं, की कायद्याने अधिकार दिल्याशिवाय या देशात कुणालाही कुणावर कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही.

"मल्लूअण्णा, आपण महिनाभर उलटं वाचत होतो," मी म्हटलं. "द्यायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय, तेच शोधत बसलो. हे कलम घेणाऱ्याला सांगतंय. लिहिलेलं नसेल तर हात लावायचा नाही. आणि नुसतं लिहून भागत नाही, आपण निवडून दिलेल्या माणसांनी सभागृहात बसून ठरवावं लागतं. किती घ्यायचं, कुणाकडून नाही घ्यायचं, तेसुद्धा. ठरलेल्या मर्यादेच्या खाली मिळकत असेल तर आयकर नाही. गंगव्वाला एक पैसा पडला नसता. तुम्ही तिच्या दारात गेला असता आणि तिने म्हटलं असतं दाव, तर तुम्हाला दाखवावं लागलं असतं. दाखवता आलं नसतं, तर रिकाम्या हाताने परत."

त्यांनी त्या एवढ्याशा कलमावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मंजे ती बरूबर हुती."

"अगदी बरोबर होती."

"आनि ह्ये तिच्या बाजूनं लिवलंय."

"तिच्याही आणि तुमच्याही."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला. "आक्का, पाठवा ते तुमचं."

ओटीपी आला. त्यांनी एकेक आकडा सावकाश, स्पष्ट सांगितला. दुसऱ्या रिटर्नचाही तसाच. अक्षताची फाइल मुदतीच्या आत बँकेत गेली. ती आता बंगळुरूला शिकतेय आणि फोनवर माझ्या गुडघ्यांना व्यायाम सांगते. ते मी करत नाही ही गोष्ट वेगळी.

मल्लूअण्णांचे उपकार मी कसे फेडणार? तीस वर्षं मी लोकांकडून रिटर्न भरून घेतली, पण लोक देतात ते का देतात, हे मला त्यांनी शिकवलं. त्यानंतर ऑफिस बंद होईपर्यंत प्रश्न विचारणाऱ्याला मी हसले नाही. म्हशीवाल्यांनासुद्धा नाही. पुस्तकही पुन्हा पडद्याखाली गेलं नाही. आता नवा कायदा आलाय, कलमांचे आकडे बदलले, तरी ते जुनं पुस्तक मी घरी आणून ठेवलंय.

पण गोष्ट ओटीपीपाशी संपली नाही. पुढच्या सोमवारी मल्लूअण्णा स्कूटर घेऊन ऑफिसखाली उभे. पुढे पायापाशी पितळेची घागर, चिंचेने घासून लख्ख केलेली. गंगव्वा कळंब्याला लेकीकडे राहते हे त्यांना कितीतरी वर्षं ठाऊक होतं. तिच्या गल्लीवरून ते शेकडो वेळा गेले होते, आत वळले नव्हते. "तुमी चला संगट," म्हणाले. "माजं पाय न्हाय निघायचं." साठीतली कर सल्लागार मांडीवर घागर घेऊन स्कूटरवर मागे बसलीय, हे दृश्य राजारामपुरीने त्या दिवशी पाहिलं. दातांचे डॉक्टर तर गॅलरीत येऊन बघत होते.

गंगव्वा दारात मेथी निवडत बसली होती. पंचाहत्तरीच्या पुढची, बारीक, पण नजर कडक. मल्लूअण्णांनी घागर तिच्यासमोर ठेवली आणि हात जोडून उभे राहिले. तिने घागरीकडे बघितलं, काठावरचा पोचा अंगठ्याने चाचपला, मग त्यांच्याकडे बघितलं.

"मल्लू न्हवं तू?"

"व्हय अव्वा."

"आता आनलास व्हय? आता नळ हाय."

मल्लूअण्णा ढसाढसा रडले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, भर रस्त्यात. ती तशीच मेथी निवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्या पावण्या कोन?"

मी नाव सांगितलं, काम सांगितलं. आयकर म्हणजे काय ते तिला समजलं की नाही कोण जाणे. तिने एवढंच विचारलं, "लिवायचं काम करता न्हवं?" मी हो म्हटलं. ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि दहाची नोट घेऊन आली.

"त्या साली पाच रुपय पट्टी हुती. माजी ऱ्हायली. घे, आनि पाच माघारी दे."

"अव्वा, नगं. माजी चूक—"

"नगं का? पट्टीला मी कवा न्हाय म्हनले? त्या साली नव्हतं. आता लेक मिळवती." मग माझ्याकडे वळून, "बाई, ह्याला लिवून द्याय सांगा."

मी पर्समधली डायरी काढली आणि पान फाडलं. गंगव्वाचं नाव, वाडीचं नाव, जत्रेची पट्टी, रुपये पाच मिळाले. एवढंच लिहिलं. मल्लूअण्णांनी कागद भिंतीला टेकवला आणि सही केली. मी आयुष्यभर कागदच केले, पण त्याच्याइतका चोख कागद माझ्या हातून दुसरा झाला नाही.

गंगव्वाने तो उलटा-सुलटा करून बघितला. वाचता येत नव्हतं, तरी सही कुठे आहे ते माझ्याकडून बोटाने दाखवून घेतलं. मग घडी घालून घागरीत टाकला, घागर उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवली आणि भिंतीकडेचं पोतं झटकून अंथरलं.

"बस आता," ती मल्लूअण्णांना म्हणाली. "तवा हुभ्या-हुभ्याच गेलतास."